पाळण्याची हद्द

१२ नोव्हेंबर

आजपासून लिहायचं ठरवलंय. कारण काही मोठं नाही. दिवसभर दुकानात बोलून बोलून घसा बसतो आणि फळ्या लावल्या की ध्यानात येतं, जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. पूर्वी ते ऐकायला हे होते. ऐकायचे म्हणजे काय, जाळं सांधता सांधता नुसते हुं हुं करायचे. पण कुठला हुं म्हणजे पटलं आणि कुठला हुं म्हणजे आता पुरे, हे मला बरोबर कळायचं. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. लेक लांबच्या शहरात, रविवारी फोन करते, तोही एका हाताने भाजी चिरत. म्हणून ही वही.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. नायलॉनचा दोरा, शिशाचे मणी, तरंगं, जाळ्याच्या सुया, दोरखंड. गावातल्या प्रत्येक होडीचं जाळं माझ्या दोऱ्यानं शिवलेलं आहे. गिऱ्हाईक येतं, भाव करतं, आणि पाळण्याचं काय चाललंय ते विचारून जातं.

पाळणा म्हणजे खडकांच्या पलीकडचा समुद्राचा तुकडा. मासळी तिथं अंडी घालते, पिल्लं तिथंच वाढतात, म्हणून जुन्या माणसांनी ठेवलेलं नाव. नाव पाळणा, आणि गेली कित्येक वर्षं आम्ही तिथंच बारीक डोळ्यांची जाळी टाकून नखाएवढी पिल्लं उपसत होतो. ती खायचीही नव्हती, कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात जायची. ट्रकच्या ट्रक. मग मोठी मासळी कमी का झाली म्हणून कपाळावर हात. मी घरोघरी फिरले, भांडले, पाया पडले, शिव्याही दिल्या. शेवटी गाव तयार झालं, एक वर्ष पाळण्यात कुणी जाळं टाकायचं नाही. जो टाकेल त्याची होडी हंगाम संपेपर्यंत वाळूवर. समितीची अध्यक्ष मी, कारण दुसरं कुणी तयार होईना आणि माझा आवाज मोठा.

फेब्रुवारीत वर्ष पुरं होतंय. पाळणा पुढे बंद ठेवायचा की नाही, ते तेव्हा सगळे होडीवाले मिळून ठरवणार. बर्फाच्या कारखान्याच्या मालकाला तो उघडून हवाय. त्याच्या मोठ्या लाँचा आहेत, बर्फ खपायला हवा. तो गोड बोलतो, त्याचीच भीती वाटते.

१३ नोव्हेंबर

भाऊजींबद्दल काल लिहिलंच नाही. माझे धाकटे दीर. हे गेल्यापासून रोज सकाळी समुद्रावरून आले की जाळं वाळत टाकतात आणि घरी जायच्या आधी माझ्या पायरीवर चहा घेतात. जाऊबाई त्यावरून त्यांना चिडवते, 'माझ्या हातचा चहा तुम्हाला गोड लागत नाही' म्हणते. चहा पितात, वाऱ्याकडे बघतात, 'बरंय वहिनी' म्हणतात आणि जातात. आज म्हणाले, खडकांपाशी पिल्लांचे थवेच्या थवे होते, होडीखालून जाताना पाणी चमकत होतं. एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी वर्षात ऐकलं नव्हतं. दिवसभर तेच आठवून मला बरं वाटत होतं.

२१ नोव्हेंबर

शहरातली पोरं आली होती, समुद्र वाचवायचं काम करणारी. दोन मुली आणि एक दाढीवाला. सोबत रंगाचे डबे. माझी समुद्राकडची भिंत उंच, दुमजली, सगळ्या किनाऱ्यावरून दिसते. त्यावर चित्र काढायचं म्हणाली. मी म्हटलं, काढा की, पांढरीफटक पडलीय नाहीतरी.

ह्यांना त्या भिंतीचं भारी वेड. बाकी घराला दहा दहा वर्षं रंग नाही, पण ती भिंत दरवर्षी स्वतः चुन्यानं रंगवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. शेवटच्या वर्षी दम लागत होता तरी शिडीवर चढले. मी खालून बोलतेय, अहो, तिकडून कोण बघतंय, मासे का? तर हुं. त्यानंतर दोन वर्षं भाऊजींनी चुना मारला. घराण्यात एकेकाला असतं एकेक खूळ.

पोरांनी तीन दिवस राबून अख्खी भिंत निळी केली. लाटा, त्यात मासे, कासव, वरपर्यंत निळं आणि हिरवं. इतकं सुंदर, की बघतच राहावं. भाऊजी संध्याकाळी आले, खाली उभे राहून बघत राहिले.

'वहिनी, सगळी भिंत?'

'मग काय अर्धी?'

'नाही, वरचा पट्टा तेवढा पांढरा ठेवला असता तर.'

मी म्हटलं, भाऊजी, तुम्हाला चित्रातलं काय कळतंय. त्या मुलींसमोरच म्हटलं. त्यांनी एकदा मुलींकडे पाहिलं, एकदा कडकबाबांकडे, ते जुने होडीवाले तिथंच उभे होते.  चहा अर्धाच प्यायला. माणसाला कौतुक करता येत नसेल तर निदान नाक मुरडू नये.

३० नोव्हेंबर

परवा रात्रभर वारं सुटलं होतं. पाळण्याच्या हद्दीवर सरकारी खात्यानं नारिंगी पिंपं नांगरून ठेवली होती, ती सगळी तुटून गेली. एक तर पुलाखाली सापडलं, त्यात कुणीतरी कोंबड्या झाकल्या होत्या. खात्यात फोन केला. साहेब 'बघतो' म्हणाले. 'बघतो' म्हणजे बघणार नाहीत, एवढं मला कळतं.

कडकबाबा दोरा घ्यायला आले. ह्यांच्या बरोबरीचे, गावातले सगळ्यात जुने होडीवाले. चहा कडक लागतो म्हणून हे नाव, स्वभाव अगदी मवाळ. मी विचारलं, पिंपं नाहीत तर हद्द कशी कळायची? म्हणाले, 'पिंपांवर कोण चालत होतं, खुणा असतात आपल्या.' कसल्या खुणा म्हटलं, तर हसले. खुणा कुणी सांगत नाही. जमिनीवरचं हे आणि ते एका रेषेत आलं की थांबायचं, असं काहीतरी असतं. प्रत्येक घराण्याची वेगळी, बाप लेकाला सांगतो. बायकांना तर नाहीच. ह्यांनी मला आयुष्यात एक खूण सांगितली नाही. बँकेचं सगळं सांगितलं, ते सोडून.

८ डिसेंबर

पेपरात भिंतीचा फोटो आला. लेकीला पाठवला. म्हणाली, 'आई, किती छान, आणि तू केवढी बारीक झालीस.' भिंतीसमोर मी उभी होते, चिमणीएवढी. एरवी कुणी सांगत नाही बारीक झालीस म्हणून. फोन ठेवल्यावर आरशात बघून आले.

थंडी पडलीय. सकाळी किनाऱ्यावर धुकं, होड्या आवाजावरून ओळखाव्या लागतात.

१५ डिसेंबर

 भाऊजींचं जाळं पाळण्यात सापडलं.

बर्फवाला पाहुण्यांना लाँचमधून फिरवत होता म्हणे. त्यानं फोनवर चित्रण केलं. धुकं विरतंय, भाऊजींची होडी, जाळं पाण्यात, आणि मागे पाळण्याचा काळा खडक अगदी स्वच्छ. दुपारपर्यंत गावातल्या एकूण एक फोनवर पोहोचलं. दुकानात आलेल्या बायका माझ्याकडे बघून गप्प झाल्या.

सगळ्या गावात एकच माणूस माझा म्हणायचा होता. दुसऱ्या कुणी केलं असतं तर चार शिव्या घालून झोपले असते.

१६ डिसेंबर

सभा झाली. शाळेच्या हॉलमध्ये, बाकं छोटी, सगळे पुरुष गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. बर्फवाला पुढच्या रांगेत. म्हणाला, 'घरचंच माणूस आहे, अध्यक्षबाई काय करतील बिचाऱ्या.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी भाऊजींना सगळ्यांसमोर विचारलं, हद्द दिसली नाही तुम्हाला?

ते उभे राहिले. माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, 'नाही दिसली.'

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तीस-पस्तीस वर्षं त्या पाण्यात जाणारा माणूस आणि म्हणे दिसली नाही. मी म्हटलं, काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा. त्यांनी एकदा हॉलभर पाहिलं. कडकबाबा खाली बघत होते. सगळेच खाली बघत होते, जणू जमिनीवर काही सांडलं होतं. भाऊजी म्हणाले, 'नाही, काही नाही,' आणि बसले.

मग मी सांगितलं, होडी वाळूवर, हंगाम संपेपर्यंत. आवाज अजिबात कापू दिला नाही. माझं म्हणून सोडलं असतं तर पाळणा त्याच क्षणी संपला असता. मी बरोबर केलं. दहा वेळा विचार केला तरी बरोबरच केलं.

१७ डिसेंबर

सवयीनं दोन कप ठेवले. एक परत फळीवर ठेवला.

त्यांची होडी ओढायला सकाळी माणसं जमली होती. एरवी होडी ओढताना केवढा आरडाओरडा असतो. आज कुणी आवाज काढला नाही. भाऊजी स्वतःही दोराला हात लावून ओढत होते. मी दुकानाच्या दारातून बघितलं आणि आत आले.

३ जानेवारी

भाऊजी गेले. मोठ्या बंदरावर, ट्रॉलरवर कामाला. तळ खरवडत जाणारी ती जाळी, ज्यांना ते जन्मभर नावं ठेवत आले. मला सांगितलं नाही. जाऊबाई दोरा परत करायला आली तेव्हा कळलं. न वापरलेल्या दोन गुंडाळ्या होत्या.

मी म्हटलं, परत कशाला करतेस, राहू दे की.

'आता कोण शिवणार जाळं, ताई.'

बस म्हटलं. बसली नाही. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, 'तुमची चळवळ जगू दे.' ह्यात टोमणा होता की आशीर्वाद, मला अजून कळलेलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, एवढं दिसलं. मी तिच्या लग्नात तिची वेणी घातली होती.

मला त्यांचा राग येतो. चूक केली ती केली, वर रुसून निघून जायचं? चार महिने काय, मी जेवायला घातलं असतं.

१२ जानेवारी

गिऱ्हाईक येतं, हवं ते घेतं, जातं. पाळण्याचं कुणी विचारत नाही. मीच विषय काढला तर 'हो हो' म्हणतात. दिवसभर माझ्याच आवाजाचा मला कंटाळा येतो. काल रेडिओ लावून ठेवला, नुसता कुणी बोलतंय असं वाटावं म्हणून.

आणखी दोन होड्या हद्दीच्या अगदी काठावरून परत फिरल्या म्हणे. त्यातला एक तरणाताठा होडीवाला दुकानात सांगत होता, 'काकू, हल्ली धुक्यात अंदाजच येत नाही.' मी म्हटलं, सगळ्या गावाला एकदम चष्मे लागले की काय. तो कानापर्यंत लाल झाला आणि सुट्टे पैसे न घेताच गेला.

शहरातल्या मुलीचा फोन आला होता. भिंतीच्या चित्राला कसलंसं बक्षीस मिळतंय. मी छान म्हटलं.

२४ जानेवारी

खात्याची पिंपं अखेर आली. ती नांगरायला कडकबाबांची होडी ठरली, आणि साहेब म्हणाले, समितीचं कुणीतरी बरोबर हवं. समितीचं कुणी म्हणजे मीच. बाकीच्यांना कामं निघाली.

खडकांच्या पलीकडे मी आयुष्यात पहिल्यांदा गेले. साठी उलटली, जन्म समुद्रासमोर गेला आणि समुद्रावर पाय पहिल्यांदा.  साहेब पिंपामागून पिंप सोडत होते. खाली पाणी हिरवंगार, आणि खरंच पिल्लं होती, इतकी की मी काठाला धरून वाकूनच बसले. हे सगळं ह्यांना दिसायचं रोज, आणि घरी येऊन नुसतं हुं.

मग मी गावाकडे वळून पाहिलं. शाळा दिसली. पाण्याची टाकी दिसली. बर्फवाल्याची नवी पांढरी शेड तर डोळ्यात खुपेल अशी. माझं घर कुठे दिसेना. केवढी भिंत ती. मी हसत कडकबाबांना म्हटलं, बाबा, माझं घर बुडालं की काय?

त्यांनी सुकाणूवरचा हात न हलवता साहेबांकडे पाहिलं. साहेब होडीच्या दुसऱ्या टोकाला होते.

'दिसणार कसं. समुद्राच्या रंगानं रंगवलंत ना.'

मग हळू आवाजात म्हणाले, 'हे मी बोललोच नाही असं समजा. तुमच्या घरधन्यानं ती भिंत पांढरी ठेवली ती काय हौस म्हणून? टाकीच्या बरोबर खाली भिंतीची डावी कड आली की तुमची होडी थांबायची. तिच्या पुढे पाळणा. आता धुक्यात पांढरं दिसतं ते एकच, ती शेड. तिच्यावर टाकी जुळवली की माणूस सरळ पाळण्यात.'

 मी विचारलं, तुम्हाला कशी ठाऊक आमच्या घराची खूण?

'तरुणपणी तुमच्या ह्यांच्या मागे मागे होडी घालून चोरली,' म्हणाले. 'मीच काय, सगळ्यांनी चोरलीय. सगळं गाव तुमच्या भिंतीवर चालतं. पण दुसऱ्याची खूण वापरतो हे कोण कबूल करणार? बाप वर असेल तिथून चपला मारील.'

मी म्हटलं, आणि भाऊजी? ते तरी बोलायचे. खूण त्यांचीच होती.

'त्याला वाटतं, ती अजून फक्त त्याचीच आहे,' कडकबाबा म्हणाले, आणि साहेब जवळ आले म्हणून गप्प झाले.

२५ जानेवारी

'नाही दिसली' म्हणाले होते भाऊजी. खरं तेच सांगत होते आणि मी त्यांना भर सभेत चोर ठरवलं.

वरचा पट्टा पांढरा ठेवा म्हणाले होते. आणि मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय.

आज दुकान उघडलं नाही.

२८ जानेवारी

शहरातल्या मुलीला फोन केला, सगळं सांगितलं. ती हुशार आहे. म्हणाली, 'काकू, पिंपं आता लागलीत, हद्द आता चुकणार नाही. फेब्रुवारीच्या सभेपर्यंत थांबा. आत्ता सांगितलंत तर बर्फवाला म्हणेल, समितीचा न्यायच खोटा, सगळंच रद्द करा. पाळणा जाईल. सभा होऊ दे, मग सांगा.'

चूक काय आहे त्यात? काही नाही. मीही तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. दीड वर्ष ह्या पाळण्यासाठी मी जीव काढलाय. ती पिल्लं मी डोळ्यांनी पाहिलीत.

पण आज सकाळी दुकानात दोघं जण दोरा घेता घेता बोलत होते, आणि भाऊजींचा विषय निघाला तसा एक जण म्हणाला, 'चोर तो चोरच.' त्याची स्वतःची होडी कुठल्या भिंतीवर चालते ते मला आता ठाऊक आहे. त्याच्या तोंडाकडे मी बघत राहिले, तर तो म्हणाला, 'काय झालं, काकू, बरं नाही का?' बरं नाही म्हटलं.

लेकीला रविवारची वाट न बघता फोन केला. ती म्हणाली, 'आई, सोड ना आता ते सगळं, इकडे ये थोडे दिवस.' येते म्हटलं. दोघींनाही माहीत होतं, मी जाणार नाही.

२ फेब्रुवारी

सांगितलं.

सभा सुरू व्हायच्या आत सांगितलं, नाहीतर धीर सुटला असता. टाकीच्या खाली माझ्या भिंतीची डावी कड, ती आमच्या घराण्याची खूण. ती मी बुजवली, रंग लावून. भाऊजींना हद्द दिसली नाही ती माझ्यामुळे. शिक्षा चुकीची होती, आणि ती मी दिली. जे काय बोलायचं ते मला बोला, त्यांना नको.

 मला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल, अरेच्चा, असं होय. कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होते. एवढ्या बाप्यांना एकदम लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बर्फवाला उठला. 'म्हणजे आता एका बाईच्या भिंतीवर गावाचा समुद्र चालणार का?' आणि मुलगी म्हणाली होती तेच सगळं बोलला. न्याय खोटा, समिती आंधळी, पाळणा उघडा. बोलणं चांगलं करतो. दोघं-तिघं मान हलवू लागले. मला वाटलं, गेलं सगळं.

मग कौल घेतला. पाळणा बंद ठेवायचा त्यांनी खिडकीकडे उभं राहायचं, उघडायचा त्यांनी दाराकडे. बराच वेळ कुणी हललं नाही. पहिली उठली ती जाऊबाई. भाऊजींच्या होडीचा कौल तिच्याकडे होता. पदर खोचून, बाकांमधून वाट काढत ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मग कडकबाबा. मग त्या दिवशी चोर म्हणणारा तो. मग इतके, की खिडकीतून येणारा उजेड अडला.

पाळणा बंद राहिला. भाऊजींची शिक्षा रद्द झाली. मी अध्यक्षपद सोडते म्हटलं, तर कुणी नको म्हणालं नाही, हो म्हणालं नाही. बाहेर पडताना सगळे माझ्या बाजूनं निघून गेले. मी कुलूप लावून किल्ली शिपायाकडे दिली आणि घरी आले.

५ फेब्रुवारी

सकाळी खरवडण्याचा आवाज आला म्हणून मागे गेले. तीन शिड्या लागलेल्या. निम्मे होडीवाले भिंतीवर. मला बघून एक जण म्हणाला, 'पापुद्रे निघाले होते, काकू.' दुसरा म्हणाला, 'आमच्याकडे चुना उरला होता.' तिसरा नुसता जोरजोरात घासायला लागला. खूण हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. मी मोठं पातेलंभर चहा केला. तो त्यांनी तिथंच उभ्या उभ्या प्यायला, कप धुऊन खिडकीत ठेवले, आणि संध्याकाळपर्यंत भिंत पांढरी करून निघून गेले. कासवाचा एक पाय अजून जरा निळा दिसतो.

शहरातल्या मुलीला कळवलं. 'ठीक आहे काकू' एवढंच लिहिलं तिनं. तिला वाईट वाटलं असणार. तीन दिवस उन्हात उभी होती बिचारी.

९ फेब्रुवारी

भाऊजींचा फोन रोज लावत होते, आज लागला. मागे इंजिनाचा धडधडाट. मी घाईघाईनं सगळं सांगितलं, फोन तुटायच्या आत. पाळणा राहिला. तुमची होडी मोकळी झाली. माझं चुकलं, भाऊजी, मी तुम्हाला सगळ्यांसमोर नको ते बोलले, आता परत या.

ते म्हणाले, 'वहिनी, तुम्हाला कसं कळलं?'

कडकबाबांचं नाव घ्यायचं नव्हतं. म्हटलं, समुद्रावर गेले होते, घर दिसेना, तेव्हा उमगलं.

'आणि सभेत काय सांगितलंत?'

'खरं तेच. टाकी आणि भिंतीची कड.'

  ते म्हणाले, 'दादाची होती ती. जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला जवळ बोलावून सांगितलं, एवढी कुणाला देऊ नकोस. मी होडी वाळूवर जाऊ दिली, वहिनी, पण बोललो नाही.'

आवाज ओला झाला होता. मी त्यांना लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते, असा आवाज ऐकला नव्हता.

एका वाक्यात मला त्यांचं ओझं उतरवता आलं असतं. अहो भाऊजी, ती खूण अख्ख्या गावानं कधीच चोरलीय, तुम्ही तोंड दाबून बसला होता त्या हॉलमधल्या प्रत्येक माणसाला ती पाठ होती. माझ्या तोंडाशी आलं होतं. मग वाटलं, ट्रॉलरवर परक्या माणसांत राबणाऱ्या त्या माणसाजवळ भावाची ती एक गोष्ट आहे. तीही जाणार, आणि ज्यासाठी एवढं सोसलं ते फुकटच होतं, हेही कळणार.

'म्हणजे आता सगळ्यांना ठाऊक झाली,' ते म्हणाले. 'तुमच्यामुळे.'

'हो,' मी म्हटलं, 'माझ्यामुळे.'

हंगाम संपेपर्यंत येत नाही म्हणाले. पुढचंही काही सांगितलं नाही. पलीकडून कुणीतरी हाक मारली, जाळं वर येत होतं, त्यांनी फोन ठेवला.

हे इथं लिहून ठेवतेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. जाऊबाईलाही नाही. भाऊजींना वाटू दे, खूण मीच फोडली.